बुधवारी घरी बँड येणार

बुधवारचा दिवस नवनाथनं मिनिटामिनिटानं आखून ठेवला होता. साडेअकराला गाडी घाटनांदूरच्या फाट्यावर. तिथून तो मोटारसायकलवर पुढं, गाडी मागं. पावणेबाराला पाहुणे घरात. पाच मिनिटं पाणी, वीस मिनिटं जेवण, दहा मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा, आणि शेवटची दहा मिनिटं फक्त तो आणि अभिमन्यू.

"माय, ह्यात एक मिनिट मागंपुढं व्हायचं न्हाई," तो आईला म्हणाला. "आजवर साडेतीनशे पंप बसवलेत. एकाची वायर चुकली न्हाई."

"पंप जेवायला बसत न्हाई बाबा," केशरबाई शेंगा फोडत म्हणाल्या.

अभिमन्यू म्हणजे 'डांबर'चा गायक, आणि 'डांबर' हा पुण्याच्या चौघांचा रॉक बँड. नवनाथ सौर पंप बसवायचं काम करायचा. दिवसदिवस कुणाच्या तरी रानात एकटा, डोक्यावर टोपी, कानात 'डांबर'. तीस वर्षांचा झाला होता, लग्न जुळत नव्हतं, पण कानात अभिमन्यू ओरडत असला की त्याचं काही वाटायचं नाही. बँडनं अंबाजोगाईला कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा सोबत एक स्पर्धाही ठेवली. आमचं गाणं म्हणून व्हिडिओ पाठवा. जो आवडेल त्याला व्हीआयपी अनुभव. बँड त्याच्या घरी पंचेचाळीस मिनिटं जेवायला येणार, शिवाय संध्याकाळच्या कार्यक्रमाचे पुढच्या रांगेतले दोन पास. नवनाथनं ज्वारीच्या रानात, सोलरच्या पाट्यांमधे उभं राहून गाणं म्हटलं. मधेच एक म्हैस हंबरली. निकालाच्या मेसेजमधे म्हशीचं कौतुक दोन ओळी होतं, त्याचं एक ओळ. पण निवड त्याची झाली होती.

घोळ सुरू झाला तो भगुन्यावरून. घरातलं भगुनं लहान पडेल म्हणून केशरबाई शेजारच्या बायनाबाईकडं मोठं मागायला गेल्या.

"एवढं मोठं कावून?" बायनाबाईनं विचारलं.

"बुधवारी बँडवाले जेवायला हायत घरी. पुण्याचे."

बायनाबाईनं भगुनं दिलं, वर एक कढई न मागता दिली, आणि केशरबाईंचा हात दाबला. "कधी जुळलं?"

"काय जुळलं?"

"नवनाथाचं. बँड काय उगी येतोय का घरी?"

केशरबाईंनी समजावलं, की हा वरातीचा बँड नव्हे, गाणी म्हणणारी पोरं आहेत, पोरानं बक्षीस जिंकलंय, लग्नबिग्न काही नाही. बायनाबाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. अलीकडं सोयरीक जुळली की लोक हळद लागेपर्यंत पत्ता लागू देत नाहीत, कारण मोडणारे फार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बरोबर हाय वयनी," ती म्हणाली. "इचारलं कुणी तर असंच सांगायचं. मी बी कुणाला बोलत न्हाई."

दिवस मावळायच्या आत अर्ध्या गावाला कळलं होतं. उरलेल्या अर्ध्यानं नवनाथला थेट विचारलं. तो म्हणाला, "लग्न न्हाई हो, रॉक बँड हाय." त्यावर लोक एकमेकांकडं बघून मान हलवायचे. पोरगं किती सफाईनं लपवतंय, असा त्या मानेचा अर्थ.

मंगळवारी नवनाथचे वडील बबनराव चहा प्यायला गेले, तर तिघांनी त्यांचं अभिनंदन केलं. बबनराव मुळात कमी बोलणारे. चार वर्षं पोरासाठी स्थळं बघून बघून ते थकले होते. घरी आले, पोराला गोठ्यामागं नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, "खरं सांग. मी रागावणार न्हाई."

"आबा, तुमाला मी स्वतः व्हिडिओ दाखवलाय बँडचा."

"दाखवलाय. त्यात एक पोरगी बी हाय."

"ती बेस गिटार वाजवते."

"घरचे चांगले हायत का?" बबनराव म्हणाले.

नवनाथनं कपाळावर हात मारून घेतला.

बुधवारी सकाळी नऊला दिंद्रुडहून सर्जेराव मामा आले. पांढरं धोतर, गुलाबी फेटा, बगलेत आहेराची पिशवी, आणि चेहरा असा की दुरून बघणाऱ्याला वाटावं गडी मयतीला चाललाय. ते घरात आले नाहीत. अंगणातल्या बाजेवर बसले आणि बहिणीनं पुढं केलेला तांब्या त्यांनी बाजूला सारला.

"भाच्याचं लगीन, आन मामाला भायेरून कळतंय," ते म्हणाले. "पाणी नको मला."

"दादा, लगीन न्हाई रे," केशरबाई काकुळतीला आल्या.

"मंग ही माणसं कावून जमलीत?"

अंगणात साठेक माणसं जमली होती. घाटनांदुरात बिनआमंत्रणाचं लग्न असलं तर बिनआमंत्रणाचं यावं लागतं, असा विचार करून लोक आले होते. बायका इस्त्रीची लुगडी नेसून होत्या. कुणीतरी दाराला आंब्याचं तोरणही लावलं होतं. केशरबाईंनी आठ माणसांची येसर आमटी केली होती. ती भगुन्यात बघून त्या मटकन खाली बसल्या. बायनाबाईनं आपणहून पीठ मळायला घेतलं आणि चार बायकांना धपाटे थापायला बसवलं. पदर खोचून ती अशी हुकूम सोडत होती, जशी काही नवरदेवाची आत्याच.

एवढ्यात वाजायला लागलं.

गावातल्या बँड पार्टीचे मालक अर्जुनराव लाल कोट, सोनेरी झालर आणि अकरा माणसं घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे होते. तीस वर्षं गावातलं एक लग्न त्यांच्याशिवाय लागलं नव्हतं. नवनाथ धावत गेला.

"अर्जुनकाका, कुणी बोलावलं तुमाला?"

अर्जुनरावांनी क्लॅरिनेट तोंडातून काढलं. "कुणी न्हाई. त्येच तर दुखणं हाय. तुझ्या बापाच्या वरातीत माझा बाप वाजवत होता, आन तू पुण्याचा बँड आणतोस. येऊ दे त्यांना. गावाचा बँड काय असतो त्ये ऐकून जाऊ दे."

"काका, त्यो तसला बँड न्हाई."

"बँड तो बँड," अर्जुनराव म्हणाले आणि परत फुंकायला लागले.

या भानगडीत साडेअकरा वाजून गेले. नवनाथ फाट्यावर पोचलाच नाही. गाडीवाल्यानं वाट विचारली, तेव्हा फाट्यावरच्या माणसानं सांगितलं, "लग्नघर ना? सरळ जा, वाजतंय तिकडं." काळी गाडी थेट अंगणाच्या तोंडाशी येऊन थांबली, आणि नवनाथनं इतकी वर्षं कानात जपलेली माणसं एकेक करून खाली उतरली. उंच, दाढीवाला अभिमन्यू. ड्रम वाजवणारा प्रविण. गिटारवाला एक शांत गडी. आणि बेस वाजवणारी करिष्मा, केसांची एक बट निळी. मागून हातातल्या घड्याळाकडं बघत त्यांचा मॅनेजर.

नवनाथनं अभिमन्यूशी बोलायचं पहिलं वाक्य आठ दिवस पाठ केलं होतं. तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली, कोरड्या बोअरमधून यावी तशी. तोवर बायकांचा घोळका त्याला ओलांडून करिष्मापर्यंत पोचला होता.

करिष्माला वाटलं, इकडं पाहुण्यांचं असंच स्वागत करत असतील. तिनं हौसेनं कुंकू लावून घेतलं. खणानारळानं ओटी भरली, तर ओढणी पसरून घेतली. बायनाबाई हिरव्या बांगड्यांचं माप बघायला लागली, तेव्हा तिनं हातही पुढं केला. "किती प्रेमळ आहेत सगळे," ती प्रविणला म्हणाली. प्रविणच्या गुडघ्यावर फाटलेल्या पँटीकडं बघून एक म्हातारी हळहळत होती आणि सुईदोरा आणू का विचारत होती. अभिमन्यू हातपाय धुवायला परसात गेला होता.

केशरबाई धपाट्यांच्या धुरात अडकलेल्या. बबनराव खांबाला टेकून करिष्माकडं बघत होते आणि पोरगी बरी आहे, असं मनाशी म्हणत होते. आणि मग बाजेवरचे मामा उठले. नवरी डोळ्यांनी दिसल्यावर रुसून बसण्यात अर्थ नव्हता. त्यांनी पिशवीतून साडी काढली, ओट्यावर चढले, हात वर करून अर्जुनरावांना थांबवलं.

"मंडळी," मामा म्हणाले, "मला कुणी कळवलं न्हाई. असू द्या. पण भाच्याच्या बायकोला पयला आहेर मामाचाच."

आणि साडी करिष्माच्या हातात ठेवली. करिष्मानं साडीकडं पाहिलं, हिरव्या बांगड्यांकडं पाहिलं, ओटीतल्या नारळाकडं पाहिलं. मग हळूहळू मान वळवून नवनाथकडं पाहिलं.

आता नवनाथला बोलणं भाग होतं. आवडत्या बँडसमोर त्याच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य असं होतं: "मामा, ही माझी बायको न्हाई, ही बेस वाजवते."

"वाजवू दे की," मामा मोठ्या मनानं म्हणाले. "लगनापातुर वाजवंल. नंतर बंद करंल."

सगळं सोडून हे मात्र करिष्माला झोंबलं. "मी नाही बंद करणार," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"म्हणजे लग्न झालं तरी वाजवणार. कुणाशीही झालं तरी."

मामा दिंद्रुडचे. अंगणभर माणसांसमोर शब्द खाली पडू देणारे नव्हेत. त्यांनी साडी परत घेतली, पिशवीत घातली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "मंग ही सोयरीक मोडली. झालं गेलं इथंच संपलं."

जी सोयरीक कधी जुळलीच नव्हती, ती साठ माणसांसमोर मोडली. बायकांनी तोंडाला पदर लावले. बबनराव खांबापाशी खाली बसले. आणि नेमका त्याच वेळी अभिमन्यू टॉवेलला हात पुसत परसातून आला. त्यानं एवढंच शेवटचं वाक्य ऐकलं, आणि पांढराफटक पडलेला नवनाथ पाहिला. जवळ येऊन त्यानं नवनाथच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा वेळ तसाच ठेवला.

"होतं असं," तो म्हणाला.

नवनाथला वाटलं, तो गर्दीबद्दल बोलतोय. तो कसाबसा हसला. अभिमन्यूला ते हसू फारच लागलं.

शांतता सहन न होऊन अर्जुनरावांनी क्लॅरिनेट तोंडाला लावलं. लग्न मोडल्यावर काय वाजवतात, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी हळू, खालच्या सुरात काहीतरी सुरू केलं. अभिमन्यूनं कान टवकारले. दोन मिनिटांत तो अर्जुनरावांच्या समोर मांडी घालून बसला होता. प्रविणनं ढोलवाल्याकडून ढोल मागून घेतला. गिटारवाला गाडीतून गिटार घेऊन आला. करिष्मानं दोन धपाटे हातात घेतले आणि खात खातच ताल धरला. लग्न मोडलेल्या घरात वीस मिनिटं असं काही वाजलं, की लोक सुतक विसरले. साठ जणांना धपाटे कसे पुरले, हे केशरबाईंना अजून कळलेलं नाही.

नवनाथ कडेला उभा राहून शेवटच्या दहा मिनिटांची वाट बघत होता. ती आली. अभिमन्यू उठला, सरळ त्याच्याकडं आला आणि त्यानं आपला फोन त्याच्या हातात दिला.

"दादा, आमचा ह्या काकांबरोबर एक फोटो काढतोस?"

नवनाथनं सतरा काढले. मॅनेजरनं घड्याळ दाखवलं. गाडी गेली. गाडीत अर्जुनरावही गेले, कारण संध्याकाळी त्यांना स्टेजवर वाजवायचं होतं. वाटभर अभिमन्यूला त्यांच्या क्लॅरिनेटपुढं दुसरं काही ऐकू येईना, त्यामुळं करिष्माला खरं काय ते सांगताच आलं नाही.

दुसरा पास केशरबाईंसाठी होता. पण त्यांच्यापुढं भांड्यांचा ढीग होता, आणि मामांनी सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. "त्यांना ने," त्या नवनाथला म्हणाल्या, "न्हाईतर दिवाळीपातुर रुसतील." म्हणून संध्याकाळी सात वाजता अंबाजोगाईच्या मैदानात, पुढच्या रांगेत, काळ्या टीशर्टांच्या गर्दीत एक गुलाबी फेटा होता.

तिसऱ्या गाण्यानंतर अभिमन्यू माइकजवळ आला. "आज आम्ही घाटनांदूरला एका मित्राकडं जेवलो," तो म्हणाला. मैदानात शिट्ट्या वाजल्या. नवनाथची छाती भरून आली. "आमच्या डोळ्यांदेखत, भर अंगणात, त्याचं लग्न मोडलं. आणि तरी त्यानं आम्हाला उपाशी पाठवलं नाही. नवनाथ, कुठं आहेस?"

नवनाथला खाली वाकून पळून जाता आलं असतं. पण अभिमन्यूनं त्याचं नाव घेतलं होतं, माइकवरून, दोन हजार माणसांसमोर. त्याचा हात आपोआप वर गेला.

"हे गाणं तुझ्यासाठी," अभिमन्यू म्हणाला.

सगळ्यांनी मोबाइलचे दिवे लावले. मागून कुणीतरी ओरडलं, "नवनाथभाऊ, खचू नका!" सगळं मैदान गाणं म्हणत होतं, आणि अर्जुनरावांचं क्लॅरिनेट मधेच असं रडत होतं, की नवनाथच्याच डोळ्यांत पाणी यायला लागलं. नक्की कशाबद्दल, हे त्याला सांगता आलं नसतं. शेजारच्या अनोळखी पोरानं त्याच्या गळ्यात हात टाकला. पोराचे डोळे लाल झाले होते.

"किती दिवसांचं होतं, भाऊ?" त्यानं विचारलं.

नवनाथनं स्टेजकडं पाहिलं. अभिमन्यू अजून त्याच्याकडंच बघून गात होता. असं गाणं पुन्हा कुणी आपल्यासाठी म्हणेल, असं त्याला वाटेना.

"तीन वर्षांचं," तो म्हणाला.

पलीकडून मामांनी फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. "चौथं लागलं होतं," ते म्हणाले.