हे आमच्या पोरीनं केलंय

कुठलीही छापील वस्तू हातात आली की आमचे आण्णा म्हणतात, "हे आमच्या पोरीनं केलंय बरं का." ती पोरगी म्हणजे मी. बिस्किटाचा पुडा असो, औषधाचं खोकं असो, नाहीतर एसटीच्या पाठीवरची जाहिरात, सगळं माझंच.

मी पुण्यात व्हिज्युअल कम्युनिकेशन शिकले. आण्णांच्या तोंडी त्याचं 'इजूल कमिशन' झालं. त्यामुळे आमच्या गावच्या, ओतूरच्या, निम्म्या बाजारपेठेला वाटायचं, मी कांद्याची आडत शिकतेय. गाळा कधी घेणार, असंही मला विचारून झालं. जाहिराती, फिल्म, पुस्तकांची मुखपृष्ठं, मोबाईलमधल्या ॲपची रूपं, यातलं काहीही करता येतं, हे भर बाजारात कसं समजवायचं? मी हसून वेळ मारून न्यायचे.

आता मी एका छोट्या कंपनीत पाकिटं डिझाइन करते. परवा सुट्टीला आले, तर आण्णा मला घेऊन किराणा दुकानात गेले. दुकानदार शेठजी मूळचे मारवाडातले, पण बोलणं पक्कं ओतूरचं. आण्णांनी हळदीचं पाकीट उचललं आणि नेहमीचं वाक्य टाकलं.

शेठजींनी चष्मा वर सरकवला. "राव, हे पाकीट माझ्या वडलांच्या टायमापासून असंच हाय," ते अगदी हळू म्हणाले.

तरी गिऱ्हाइकं हसलीच. मी चपलांकडे बघत राहिले. आण्णांनी पाकीट परत फळीवर ठेवलं, नीट, नावाची बाजू पुढं करून.

घरी आल्यावर ते ओट्यावर टेकले आणि म्हणाले, "लोकं इचारत्यात, पोरगी काय करती. मला सांगता येत न्हाई. मग दिसंल ते तुझं म्हणतो."

"मला विचारायचं ना, आण्णा."

"कसं इचारू? आमी जवळ आलो का तू लॅपटॉप झाकतीस. मला वाटलं, आमाला दाखवायसारखं नसंल."

मी आत जाऊन लॅपटॉप आणला, त्यांच्या मांडीवर ठेवला आणि मी केलेलं टोमॅटोच्या बियाण्याच्या पाकिटाचं डिझाइन उघडलं. आण्णांनी हात लेंग्याला पुसले. काचेला बोट लागू न देता ते एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागले.

शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. काय बघताय म्हणाल्या.

आण्णांनी मान वर केली नाही. "थांबा जरा," ते म्हणाले, "आधी मला कळू द्या."