मौन आणि मस्कारा

“डोळे आले असताना वापरलेला मस्कारा घरी गेल्या गेल्या फेकून द्यायचा. उरलाय म्हणून ठेवायचा नाही, कळलं?” डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला चांगलं दटावून सांगितलं होतं.

कळलं होतं हो! पण पुतणीने हौसेने दिलेली वस्तू कचऱ्यात टाकायची, म्हणजे अगदी जिवावर आलं. डोळे बरे झाले आणि मस्कारा आरशामागच्या फळीवरच राहिला. देवाच्या कृपेने माझा एकही नेम आजवर चुकलेला नाही. एवढं एक काम उद्या करू, म्हटलं!

माझा नेम म्हणजे रोज दुपारी बारापर्यंत मौन. खाणाखुणा चालतात, लिहिलेलं चालत नाही. लिहिणं म्हणजे कागदावर बडबडणंच की!

काल सकाळी दहाला तीच पुतणी धापा टाकत आली. साडेअकराला वृत्तवाहिनीत तिची बातम्या वाचायची चाचणी होती. दोन वर्षं पोरगी या दिवसाकडे डोळे लावून बसली होती.

“काकू, माझा मस्कारा घरीच राहिला! तुझा घेते!” आणि घेतलासुद्धा.

मी दोन्ही हात जोरजोरात हलवले.

“अगं, आशीर्वाद नंतर दे!”

मी स्वतःचा डोळा चोळून दाखवला, तोंड वेडंवाकडं केलं.

“काका, काकू रडतेय का हो?”

आमचे हे वर्तमानपत्रामागून डोकावले. बावीस वर्षांच्या संसारात माझी प्रत्येक खूण आपल्याला पाठ झालीय, असा ह्यांचा दावा! “ती म्हणतेय, डोळे उठून दिसू देत. जरा जास्त लाव!”

मी कपाळ बडवून घेतलं.

“बघ, म्हणतेय नशीब उघडलं तुझं!”

“वाळलाय गं हा,” पुतणी म्हणाली. “थांब, दोन थेंब पाणी घालते.”

पाणी! आधीच लागण झालेला मस्कारा, त्यात नळाचं पाणी! ब्रश पापणीपासून बोटभर अंतरावर आला. घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं. एकीकडे माझा नेम, दुसरीकडे पोरीचे डोळे. हिसकायला गेले तर ब्रश डोळ्यातच जायचा!

“ठेव खाली!!”

एरवी माझा आवाज शेजारच्या खोलीतही पोचत नाही. काल जिन्यातलं कुत्रं भुंकायला लागलं, ह्यांचा चहा वर्तमानपत्रावर सांडला आणि पुतणीने दचकून ब्रश थेट डोळ्यात खुपसला!

तिला तशीच, मस्काऱ्यासकट, गल्लीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोळा धुतला, औषध घातलं, वाकून वाकून पाहिलं. तेवढा वेळ मी श्वास घेतला की नाही, देव जाणे.

“बुबुळाला ओरखडा नाही, थोडक्यात वाचली. आता आठवडाभर डोळ्यांना काहीही लावायचं नाही.” मग त्यांनी मस्कारा उचलला. “हा तोच ना?”

मौन मोडलं होतं, तरी मी नुसती मान डोलावली.

पुतणी तशीच चाचणीला गेली. एक डोळा टोमॅटो! भाज्यांचे भाव वाचताना त्यातून घळाघळा पाणी. परीक्षक म्हणाले म्हणे, “महागाईची इतकी कळकळ आजवर कुणी दाखवली नव्हती!” घेतलं पोरीला!

मला मात्र पेढ्याएवढाही आनंद गिळवेना. दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, “आणखी कुणी वापरला हा?” मी बोटं मोजली. एक हात पुरला नाही. गेल्या रविवारी इमारतीतल्या बायकांचा एकत्र फोटो होता; कुणी काही मागितलं की मला नाही म्हणवत नाही.

“त्या प्रत्येकीला आजच्या आज समोर जाऊन सांगायचं. डोळा लाल झाला असेल तर इकडे पाठवायचं.” मी शब्द दिला.

“फोन कर की,” संध्याकाळी हे म्हणाले.

“समोर जाऊन सांगेन म्हटलंय.”

“मग मी येऊ? तुझं बोलणं समजावून सांगायला?”

मी नुसतं पाहिलं. ही खूण मात्र ह्यांना बरोबर कळली.

मी चपला घातल्या, दार हळूच ओढून घेतलं आणि जिना उतरू लागले. एकूण सात दारं. पहिलं आमच्या इमारतीच्या अध्यक्षीणबाईंचं. सकाळी दवाखान्याच्या गडबडीत त्या जिन्यात ओझरत्या दिसल्या होत्या. काळा चष्मा लावून!