बापूसाहेबांचा तहकूब ठराव

कुणी शिंकलं की बापूसाहेब होते तिथे थांबत. उचललेलं पाऊल मागे घेत, उचललेला घास पानात ठेवत आणि शिंकणाऱ्याकडे आशेने बघत राहत. त्याने आणखी एकदा शिंकावं एवढीच त्यांची अपेक्षा असे. एक शिंक अपशकुनी, दोन आल्या की पहिलीचा दोष फिटला, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आपण 'असू दे' म्हणतो आणि चालायला लागतो. बापूसाहेब चालायला लागत नसत.

एकदा ठाण्याला कलेक्टरसाहेबांनी त्यांना भेटीला बोलावलं होतं. कल्याणच्या फलाटावर गाडी लागली, बापूसाहेबांनी एक पाय डब्यात ठेवला आणि मागे टोपली घेऊन उभ्या असलेल्या कोळणीला शिंक आली. बापूसाहेब खाली उतरले.

"बाई, दुसरी येतेय का बघा जरा," ते म्हणाले.

"आता तुमचेसाठी नाकान काडी घालू का?" असं म्हणून ती डब्यात चढली आणि गाडी गेली. पुढे त्यांनी साहेबांना कळवलं की प्रकृतीच्या कारणाने येता आलं नाही. कोणाच्या प्रकृतीच्या ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे खोटं बोलल्याचा दोष लागत नाही असं त्यांचं मत होतं.

मी त्या वेळी कल्याणच्या म्युनिसिपालिटीत कारकून होतो. बापूसाहेब सरकारी नोकरीतून पेन्शन घेऊन आलेले, आणि सरकारने नेमलेले मेंबर. आरोग्याचं काम त्यांच्याकडे होतं. ते त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं, की 'आरोग्यास बाधक' हे शब्द त्यांच्या जिभेवर कायमचे येऊन बसले. उघडी गटारं आरोग्यास बाधक, इथवर ठीक. पण जावयाला वारंवार जेवायला बोलावणं, मोठ्याने हसणं, आंबिवलीच्या पलीकडचं पाणी पिणं आणि थोरल्या भावाशी वाद घालणं हेही त्यांच्या यादीत असे. एका मेंबरने नवा लाल रुमाल बांधला, तोही त्यांनी आरोग्यास बाधक ठरवला. मात्र त्यांचा खरा दावा होता तो तंबाखूशी. तंबाखू खाणारा, ओढणारा, नाकात भरणारा, तिघेही त्यांच्या लेखी एकाच पंक्तीचे. रस्त्याने जाताना एखाद्या ओटीवर विडीचा वास आला तरी ते थबकून आत डोकावत आणि घरच्या माणसाला त्याच्याच दारात उपदेश करत. गावात त्यांच्या नाकाचा दरारा होता.

आमची कचेरी पारनाक्याजवळ होती. तिच्या शेजारीच हसनभाईंचं तंबाखूचं दुकान. पुढे पानांच्या जुड्या टांगलेल्या, आणि मागच्या पडवीत दिवसभर उखळात तपकीर कुटण्याचं काम चाले. वारा खाडीकडून आला की तपकिरीची धूळ थेट आमच्या कचेरीत येई. तेव्हा, तंबाखू कुटणं आणि विकणं बाजारातून उठवून बंदराच्या पलीकडे न्यावं, शाळेतल्या मुलांना ती विकूच नये, असा ठराव बापूसाहेबांनी आणला. हसनभाईंचं सगळं गिऱ्हाईक बाजारातलं. बंदरापलीकडे तंबाखू घ्यायला बगळे येणार होते की काय, कोण जाणे. म्हणजे ठराव झाला तर हसनभाई बसले.

मला ठराव वाचून दाखवायचा असे. पहिल्या सभेत मी उभा राहिलो, 'आरोग्यास बाधक' इथपर्यंत आलो, आणि एक शेटजी शिंकले. बापूसाहेबांनी हात वर केला.

"रामभाऊ, थांबा."

आम्ही सगळे शेटजींच्या नाकाकडे बघत बसलो. दुसरी आली नाही. हसनभाईंच्या मालाची ख्यातीच अशी होती, की शिंक एकच येई, पण खणखणीत.

"तहकूब," बापूसाहेब म्हणाले.

पुढच्या सभेला मीच शिंकलो. त्याच्या पुढच्या सभेला खुद्द अध्यक्ष शिंकले आणि ओशाळून बापूसाहेबांची क्षमा मागू लागले. धूळ येऊ नये म्हणून खिडक्यांना ओले वाळ्याचे पडदे लावले, तर गारव्याने निम्मी कमिटी शिंकायला लागली. मेंबरांना यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांतले बहुतेक हसनभाईंचेच गिऱ्हाईक. कोळीवाड्याचे पाटील तर तोंडात तंबाखूचा बार धरूनच सभेला बसत. मत विचारलं की फक्त मान हलवत, आणि ती हो म्हणून हलली की नाही म्हणून हे मला अंदाजाने लिहावं लागे. शिंकेला मानणारे एकटे बापूसाहेब, आणि ठराव आणणारेही तेच. ज्या तपकिरीला गावाबाहेर काढायचं, तीच त्यांना आडवी येत होती, आणि तिला तो मान त्यांनीच दिलेला होता. एकदा मी धीर करून सुचवलं, की शिंकेकडे दुर्लक्ष करावं.

"म्हणजे गावाचं आरोग्य सुधारायचं आणि ते अपशकुनावर?" त्यांनी विचारलं.

एकदा त्यांनी हसनभाईंना कचेरीत बोलावून घेतलं. म्हातारा शांतपणे उभा राहिला.

"सभेच्या दिवशी कुटणं बंद ठेवा," बापूसाहेब म्हणाले.

"ठेवतो की, साहेब. मागल्या सभेलाही ठेवलं होतं. पण भिंतीत, कौलांत मुरलीय ती. मुसळ माझं ऐकतं, वारा नाही ऐकत."

"तुमचं दुकान मी उठवल्याशिवाय राहणार नाही."

"तुमची मर्जी. अल्ला शिंका देतोय तोवर बसतो," हसनभाई म्हणाले आणि नमस्कार करून गेले. बापूसाहेबांना त्यांचा राग आला नाही. विरोधक कसा असावा हे त्यांनी नंतर मला हसनभाईंचाच दाखला देऊन सांगितलं.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास बापूसाहेबांच्या पत्नीला, माईंना, अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मुलगा रेल्वेत भुसावळला, त्याची बायको-मुलं तिकडेच. घरात ही दोघंच. सकाळी एक बाई स्वयंपाक करून जाई, एरवी माईंचं सगळं बापूसाहेब करत. आम्हाला वाटलं, आता ते कमिटी सोडतील. पण सभेपुरतं शेजारणीला माईंपाशी बसवून ते येत, आणि ठरावाचा हट्ट तर आणखीच वाढला. त्यांनी शेवटी तोड काढली, की सभा कचेरीत नकोच, गावाच्या दुसऱ्या टोकाला शाळेच्या खोलीत घ्यावी. तिथे हसनभाईंची धूळ पोचायची नाही.

त्या दिवशी शाळेच्या खिडक्या, दारं सगळं लावून घेतलं. सर्दी झालेल्या दोघा मेंबरांना येऊ नका म्हणून आधीच निरोप गेले होते. मी ठराव वाचायला घेतला. 'आरोग्यास बाधक' आलं आणि गेलं. 'बंदराच्या पलीकडे' आलं आणि गेलं. हसनभाई व्हरांड्यात येऊन उभे होते, त्यांना दारातून सगळं ऐकू येत असावं. शेवटची ओळ संपली. कुणी शिंकलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "हरकत नसेल तर हात वर करा."

मी बापूसाहेबांच्या शेजारी बसलो होतो, म्हणून मला दिसलं. त्यांनी कनवटीतून हसनभाईंच्या दुकानातली एक पुडी काढली, तोंड उपरण्याआड करून ती नाकाशी नेली, आणि खोली दणाणून जाईल अशी शिंक दिली. हात वर उचललेले मेंबर तसेच राहिले. मग सवयीने सगळे दुसऱ्या शिंकेची वाट बघू लागले. बापूसाहेबांनी नाक दोन बोटांत घट्ट धरलं होतं. चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, मानेच्या शिरा फुगल्या, पण त्यांनी दुसरी शिंक बाहेर येऊ दिली नाही.

"तहकूब," ते कसेबसे म्हणाले आणि कुणाशी न बोलता घरी निघून गेले. हसनभाई व्हरांड्यात खांबाला टेकून खाली बसले.

गावभर हसं झालं. बापूसाहेब थकले, असं लोक म्हणाले. मला मात्र ती पुडी स्वस्थ बसू देईना. दुसऱ्या दिवशी पुढच्या सभेचा दिवस विचारायचं निमित्त करून मी त्यांच्या घरी गेलो. दारातच ठसका लागून मला खोकला सुटला. घर धुराने भरलं होतं. आत चुलीपुढे बापूसाहेब उकिडवे बसले होते. नाकातोंडाला उपरणं गुंडाळलेलं, डोळे सुजलेले, आणि पुढ्यातल्या तव्यावर ते तंबाखूची पानं परतत होते. माझ्याकडे बघून ते दचकले नाहीत.

"हिला मशेरी लागते," ते म्हणाले. "लग्नापासून लावते म्हणे. सगळ्या आळीला ठाऊक होतं. मला नव्हतं."

मलाही ठाऊक होतं.

"इतके दिवस नुसती छताकडे बघत पडलेली. हाक मारली तरी बघायची नाही. परवा सकाळी बोलली. पहिला शब्द काय, तर मशेरी. मला वाटलं चुकून काही बोलली. तर पुन्हा तेच. मग घाबरून माझ्याकडे बघायला लागली." उपरण्याआड त्यांचा आवाज नीट येत नव्हता. "मी रागावेन म्हणून घाबरली, रामभाऊ. त्या स्थितीत."

ते थोडा वेळ पानं हलवत राहिले.

"पारनाक्यापर्यंत जाऊन यायला फार वेळ लागत नाही. हिचा डोळा लागलेला असतो, तेवढ्यात येतो. बंदरापलीकडे दुकान गेलं, तर मी तिकडे असताना ही जागी व्हायची आणि घरात कुणी नसायचं. दुसऱ्या कुणाला पाठवू? तिने जन्मभर जे लपवलं, ते मी आपल्या तोंडाने कसं चव्हाट्यावर आणू?"

पानं काळपट दिसायला लागली तशी त्यांनी तवा उतरवला, ती चुरली, वाटीत घेतली आणि माजघरात गेले. मी दारातच उभा राहिलो. त्यांनी माईंचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि आपल्या बोटाने त्यांच्या दातांना मशेरी लावायला लागले. सवय नव्हती, बोट गालाला लागत होतं, ओठाला लागत होतं. धुराने त्यांना एकसारख्या शिंका येत होत्या आणि त्या ते मोजत नव्हते. इतक्या वर्षांत मी या माणसाला फक्त हसलो होतो.

माईंनी डोळे मिटून घेतले होते. थोड्या वेळाने ते उघडले, आणि ज्या नवऱ्यापुढे त्या कधी मान वर करून बोलल्या नव्हत्या, त्याच्याकडे बघून, वाकड्या झालेल्या ओठांतून, एकेक अक्षर जुळवत म्हणाल्या, "कच्ची आहे."

बापूसाहेब उठले आणि त्यांनी तवा पुन्हा चुलीवर ठेवला.