काहिलीतले गिरदावर

आमच्या गावचा महसूल बघणारे गिरदावर माणिकराव पावसाळाभर रोज सकाळी माझ्या गूळ कढवायच्या पसरट काहिलीत बसत. काहील सीना नदीच्या पाण्यात, डोक्यावर छत्री, हातात बांबू. पोहायचा पत्ता नाही. काहील जागच्या जागी गरगर फिरे आणि गिरदावर धुणं धुणाऱ्या बायकांना सांगत, "बंदोबस्त मुकम्मल! अगदी पुरा!"

काहील मात्र माझी. डोक्यावर गूळ वाहून विकता विकता मी गुऱ्हाळाचा धनी झालो. एवढी मोठी काहील परंड्यापर्यंत कुणाकडं नव्हती. मृग लागला की हे निजामी शिक्का दाखवून ती नेत आणि दिवाळीला पोचे पाडून परत करत. ते पोचे मी अजून विसरलेलो नाही.

हे खूळ एका शब्दातून निघालं. एका वर्षी पावसाआधी वरून उर्दूत हुकूम आला: नदीकाठी दोन 'कश्ती' तयार ठेवा. कश्ती म्हणजे नाव. पण उर्दूत कश्ती आणि कुश्ती लिहायची एकसारखीच. माणिकरावांनी कुस्ती वाचलं. हलगी लावून दोन जोड्या लढवल्या, मला पंच केलं आणि वर कळवलं, दोन्ही निकाली, बंदोबस्त मुकम्मल. तालुका हसला. मी तर पोट धरून हसलो.

त्याच श्रावणात सीनेला पूर आला. नदीतल्या उंचवट्यावर मेंढरांसकट एक धनगर अडकला. आम्ही सगळे काठावर उभे होतो. नाव नव्हती. अंधार पडायच्या आत उंचवटा पाण्याखाली गेला.

पुढच्या मृगापासून माझी काहील जाऊ लागली.

तिसऱ्या वर्षी मी तावातावानं नदीवर गेलो. धाकटी काहील घ्या म्हणालो, वर दोन दोर देतो. ते मान हलवेनात. मी चार दोरांवर आलो, तरंगायला भोपळ्यांची सांगडही देऊ केली.

"अप्पा, धाकटीत दोघंच मावतात."

"मग? एक वल्हवणारा, एक बुडणारा. हिशेब जुळला की."

"धनगराची बायको बी व्हती. दोघांतल्या कुणाला म्हनू, तू थांब म्हनून?"

 मग म्हणालो, वल्हवायला गावात कोळी आहेत, तुम्ही कशाला जीव धोक्यात घालता?

त्यांनी छत्री मिटली. "हुकूम म्या वाचला व्हता."

बांबू टेकून ते पुन्हा काहिलीत चढले. सौदा जुळवल्याशिवाय मी कधी परत फिरलो नव्हतो, त्या दिवशी फिरलो. चार पावलं गेल्यावर मात्र राहवलं नाही. मागं वळून खेकसलो, "मधोमध बसा. कडेला बसलं की कलंडती ती."