काट्यावर हाजीकाका

“दहा मिनिटांचं काम, हाजीकाका! तुमचा चहा निवायच्या आत काटा कॉम्प्युटरशी बोलायला लागेल!”

असं छातीठोकपणे सांगून लसाद कामाला बसला. ट्युनिशियातल्या कैरवानला हाजी तय्यबांच्या आवारात ईदचे मेंढे जिवंत वजनावर विकले जात. काटा जुना, कॉम्प्युटर नवा, आणि काट्याची जाडजूड वायर त्यात कुठे शिरेना. म्हणून लसादने यूएसबीचा अडॅप्टर आणला होता. काटा चालला की काकांच्या मुलीला, सिहामला, मागणी घालायची, असा त्याचा बेत होता.

वायर जोडली. पडदा कोराच!

“काट्यावर वजन हवं,” लसाद म्हणाला. मेंढा काही चढेना. शेवटी काकाच चढले.

“आलं का?”

“हलू नका! दुसऱ्या सॉकेटमध्ये घालून बघतो.”

आता पडद्यावर मुंग्यांसारखी अक्षरं पळू लागली. त्याने सेटिंग बदललं, मग सॉकेट बदललं. पण सॉकेट बदललं की या अडॅप्टरचा पोर्ट नंबरही बदलतो. लसाद चारात शोधी तेव्हा स्वारी सातात! काका बिचारे पंधरा मिनिटं पुतळ्यासारखे उभे.

तेवढ्यात फाटकाबाहेर गलका उठला.

“एकशे अठरा किलो! तो मेंढा माझा!”

“वा रे वा! आधी मी पाहिला!”

लसादने मान उंचावून बाहेर पाहिलं. काट्याच्या वायरीचा दुसरा फाटा फाटकावरच्या, गिऱ्हाइकांना वजन दाखवणाऱ्या दिव्यांच्या पाटीला जात होता. वर्षभर बंद पडलेली पाटी त्याच्या खुडबुडीने जिवंत झाली होती!

गर्दीतून वाट काढत काकांच्या बायको, जकियाकाकू, आत आल्या.

“मला शहाण्णव सांगता होय? आणि डब्यातल्या खजुराच्या वड्या, मकरूद, कोण संपवतं, उंदीर?”

“अगं, यंत्रच खोटं बोलतंय! विचार याला!”

लसाद पेचात पडला. खोटं म्हणावं तर काम फसलं, खरं म्हणावं तर सासरा गेला!

“यंत्र... बरोबर आहे, काकू,” तो पुटपुटला.

काकांनी डोळे वटारले. काकू मात्र खुलल्या. “या घरात एक तरी माणूस खरं बोलतो! सिहामसाठी मला हा पसंत आहे. रोज न्याहारीआधी सासऱ्यांचं वजन यानेच करायचं!”

लसादने आनंदाने मान डोलावली. काका धापा टाकत काट्यावरून उतरले.

“आणि मेंढ्यांचं रे, जावईबापू?”

पडद्यावर मुंग्या अजून पळतच होत्या.