इंजिन बंद, ब्रेक चालू

ज्या गाडीचं इंजिन कायमचं बसलंय, तिचे ब्रेक दुरुस्त करण्यात कुणी अख्खा उन्हाळा घालवील का? आमच्या शेजारच्या अब्बासचाचांनी घालवला.

गाडी म्हणजे चार जाड चाकांची मोटारसायकल. चाचा मस्कतची नोकरी सोडून जयगडला परतले तेव्हा शेठने निरोपाला दिलेली. दोन पावसाळ्यांत खाऱ्या हवेने तिचं इंजिन धरलं आणि ती माडाखाली पडली, ती पडलीच. कोंबड्या तिच्या सीटवर अंडी घालू लागल्या.

मोबाईलची रेंज शोधत लोक सड्यावर चढायचे, त्या दिवसांतली गोष्ट. एका सकाळी चाचांनी कोंबड्या हाकलल्या आणि चाकांवर रॉकेल ओतायला घेतलं.

"इंजिन खोलताय?"

"छे! ब्रेक."

"अहो, पण गाडी चालतेय कुठे?"

"मास्तर, चालायला कुणालाही जमतं. थांबायला अक्कल लागते!"

हे त्यांचं पालुपद. मी पोरांना गणित शिकवतो, पण हे गणित मला काही सुटेना.

ब्रेकचा ड्रम हातोडीने ठोकून ठोकून निघाला. आतले लायनर पापडासारखे मोडले. रत्नागिरीहून कुठल्याशा स्कूटरचे लायनर आणून चाचा ते पडवीत कानशीने घासत बसले. आमच्या दुपारच्या झोपेची पार वाट लागली.

"भंगारात घाला हो ती!" मी शेवटी ओरडलो.

"तुम्हीच सांगा मास्तर!" आतून हलीमाचाचींचा आवाज आला. "तुमच्या चाचांना येड लागलंय!" चाचींचे गुडघे गेलेले. घरातला सगळा कारभार कॉटवरून चाले. पूर्वी जेटीवर जाऊन बसायच्या, आता तेही बंद. जेटीची वाट अरुंद, रिक्षा मावत नाही. खुर्चीत बसवून उचलून नेतो म्हटलं तर म्हणायच्या, "मी काय मयत हाय?"

मग चाचणी. चाचा हँडलवर, मागे नारळांचं पोतं बांधलेलं. उतारावर सोडलेली गाडी थेट आमच्या वाळत घातलेल्या सुकटीत! माझ्या बायकोने चाचांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चाचा उठले ते पोतं चाचपत. "नारळच होते, या अल्ला," पुटपुटले. तोंड पांढरंफटक. नारळांसाठी माणूस इतका घाबरतो?

पुन्हा कानस, पुन्हा केबल. अखेर ब्रेक लागला. त्याच दुपारी चाचांनी चाचींना उचलून सीटवर बसवलं, ओढणीने स्वतःच्या कमरेला बांधलं आणि माझ्या हातात गाडीला मागून बांधलेला दोर दिला.

"जेटीपर्यंत सगळा उतारच की! इंजिन कशाला?"

"आणि वर येताना?"

"तुम्ही आहात ना ढकलायला."

एवढं मला कळलं. पण जेटीवर पोचल्यावर ओढणीची गाठ सोडून, चाचींना गाडीवरच ठेवून हा माणूस सरळ पलीकडच्या किनाऱ्याला जाणाऱ्या लाँचेत चढला! ज्याला बोट लागते, लाँचेत पाय ठेवला की पोटातलं सगळं बाहेर येतं, म्हणून जो जन्मभर रस्त्याने आला-गेला, तो!

"चाचा, हे काय?" मी ओरडलो. लाँच सुटली.

चाची खाडीकडे बघत होत्या. "दर सुट्टीला निरोप धाडायचे, या खेपेला बोटीने येतो. मी हितं येऊन बसायची. सगळ्यांचे नवरे उतरायचे, मास्तर. हे रस्त्याने येऊन घरात चहा पीत बसलेले."

लाँच परत आली. चाचा उतरले ते खांबाला धरून. सदरा पुढून भिजलेला. चाचींनी पदर सारखा केला.

"आलात एकदाचे?"

"आलो," चाचा गाडीला टेकले. "आता थांबलो."

मी दोर गुंडाळत खाडीकडे तोंड करून उभा राहिलो. अजून चढावर ढकलत न्यायचं होतं दोघांना.