समुद्रावर हरवलेली पाच माणसं

शेवटी समुद्रात बोट उतरवावी लागली आणि ज्या पाच माणसांसाठी ती उतरवली, ती पाचही सुखरूप सापडली. पण ते आपण तूर्तास विसरून जाऊ. बोटबिट काही उतरली नाही, कोणी हरवलं नाही. ऊन कोवळं आहे आणि मामा घरगाडीच्या स्टिअरिंगमागे जहाजाच्या कप्तानासारखा छाती काढून बसला आहे.

घरगाडी म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. सहा जणांना झोपायला बाक, अंग चोरून उभं राहावं लागेल असा ओटा आणि मागे कपाटाएवढं न्हाणीघर. मामाने ती भाड्याने घेतली तेव्हाच जाहीर केलं होतं, की या वर्षी सगळ्यांना समुद्र दाखवतो, तुम्ही फक्त बसायचं, बाकी मी बघतो.

मामाचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. म्हणजे अडकल्याशिवाय त्याची कोणाला आठवण येत नाही, आणि सुटका झाली की माणसं त्याच्याकडे न बघता जिन्याने निघून जातात. लग्न केलं नव्हतं. सगळे म्हणजे त्याची ताई, भावजी, भाचा, भाची आणि ताईच्या सासूबाई.

निघायच्या आदल्या दिवशी भावजींची पाठ धरली. पाठ धरली म्हणून ताई राहिली, ताई राहिली म्हणून सासूबाई राहिल्या. भाचीची परीक्षा निघाली. भाच्याला कारण सापडलं नाही, तरी तो आला नाही.

"तू हो पुढे, छोट्या," ताई म्हणाली. "जमलं तर आम्ही मागून बसने येतो."

छोट्या पन्नाशीला टेकला होता. ताईच्या वाक्यातलं 'जमलं तर' त्याने घरीच ठेवलं आणि 'मागून येतो' तेवढं गाडीत घालून निघाला.

समुद्राकाठच्या त्या पार्कात घरगाड्यांच्या दोन ओळी होत्या. पुढची ओळ लाटांकडे तोंड करून, ती कुटुंबवाल्यांसाठी. एकट्यादुकट्याने मागे जायचं, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, जिथून समुद्र फक्त ऐकू येतो. फाटकावर पार्कप्रमुखांनी गाडीत डोकावून विचारलं, की बाकीचे कुठे आहेत. मागून येतायत, मामा म्हणाला. त्याला पुढची जागा मिळाली. इथपर्यंत खोटं काहीच नव्हतं.

मग त्याने गाडीसमोर सहाच्या सहा खुर्च्या मांडल्या. एकच मांडली असती तर बाकीच्या पाच गाडीत बसून त्याच्याकडे बघत राहिल्या असत्या.

शेजारच्या घरगाडीत एक निवृत्त नर्सबाई आणि त्यांचे यजमान होते. यजमान दिवसभर पेपर वाचत आणि सगळ्या बातम्यांना "छे" म्हणत. त्या पार्कात एक रीत होती. दुपारी नवा शेजारी आला, की जुन्याने किटली घेऊन जायचं आणि माणसं किती ते खुर्च्यांवरून ओळखून तेवढे कप न्यायचे. नर्सबाई सहा कप घेऊन आल्या.

आता सहा कप घेऊन आलेल्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचं? मामा म्हणाला, सगळे किनाऱ्यावर गेलेत.

"ऊन केवढं आहे, आणि घरातलं म्हातारं माणूस बरोबर नाही ना?" नर्सबाईंनी विचारलं.

आहे, ताईच्या सासूबाई आहेत, मामा म्हणाला. त्यांचा डावा गुडघा दुखतो, पण समुद्र बघायचाच म्हणून हट्ट धरून बसल्या होत्या. हे खरंच होतं. तो हट्ट मामाने महिनाभर फोनवर ऐकला होता.

नर्सबाई बसल्या. यजमानही पेपर घेऊन आले आणि बसले. नर्सबाईंनी भाचीबद्दल विचारलं, भाच्याबद्दल विचारलं, आणि मामा बोलत सुटला. भाची पाण्याला घाबरते, लाट आली की मामाचा शर्ट धरते. भावजी गाडीत बसले की झोपतात आणि उठल्यावर म्हणतात, मी जागाच होतो. मामा इतका सलग कधी बोलला नव्हता. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला "घाबरू नका" एवढंच सांगायचं असतं.

चहा संपल्यावर त्या उठल्या आणि मामाला वाटलं, आता पुरावा हवा. त्याने पाच टॉवेल बादलीत बुचकळून दोरीवर घातले. कपाटाएवढ्या न्हाणीघराच्या दारावर थाप मारून, शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात, "लवकर आटप रे, सगळ्यांना हात धुवायचेत," असंही म्हटलं.

आणि तिथेच फसला.

उन्हं कलली तेव्हा नर्सबाई भाच्याला भेटायला म्हणून आल्या. न्हाणीघर उघडं होतं आणि रिकामं होतं. मामा म्हणाला, तोही परत किनाऱ्यावर गेला. बाईंनी वाळूकडे पाहिलं. भरती चढत होती आणि वाळूवर चिटपाखरू नव्हतं.

"म्हातारी, दोन मुलं, त्यात पोर पाण्याला घाबरणारी," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही इथे टॉवेल वाळवताय?"

मामा तोंड उघडेपर्यंत त्या पार्कप्रमुखांच्या खोलीपर्यंत पोचल्या होत्या. फोन लावा म्हणून कोणीतरी सुचवलं. फोन सगळे इथेच ठेवून गेलेत, मामाने सांगितलं. मग भोंग्यावरून घोषणा झाली. डावा गुडघा दुखणाऱ्या आजी आणि शर्ट धरणारी मुलगी कोणाला दिसल्यास कळवावे. अख्खा पार्क घरगाड्यांतून बाहेर आला. कोणाच्या हातात बॅटरी, कोणाच्या हातात उलथनं. यजमानांनी आयुष्यात पहिल्यांदा पेपर घडी करून खिशात घातला आणि "छे" न म्हणता मामाच्या खांद्यावर हात ठेवला.

तो हात ठेवला नसता, तर मामाने तेव्हाच खरं सांगितलं असतं.

सगळे ओळीने किनाऱ्यावर निघाले, मामा मधोमध. दोन्ही बाजूंना माणसं, पुढे माणसं, मागे माणसं. अनोळखी बायका त्याला विचारत होत्या, की पाणी पिता का, बसता का, स्वेटर हवा का. हाका मारा, पार्कप्रमुख म्हणाले, घरच्यांचा आवाज ओळखू येतो. मामाने समुद्राकडे तोंड करून "ताई" अशी हाक मारली. गंमत म्हणजे मारून झाल्यावर तो खरंच उत्तराची वाट बघत थांबला. त्याने पुन्हा मारली. मागून शंभरेक माणसांनी साथ दिली.

एवढ्यात दोन जण एका म्हाताऱ्या बाईंना धरून घेऊन आले. याच का ताईंच्या सासूबाई, त्यांनी विचारलं. मामा म्हणाला, या नाहीत. बाई मागच्या ओळीतल्या होत्या, पाण्याच्या टाकीमागच्या, एकट्याच आलेल्या. त्यांनी मामाला नीट न्याहाळलं.

"नसले, तरी व्हायला मला चालेल," त्या म्हणाल्या.

त्यांना हळूच बाजूला बसवलं. बोट पाण्यात गेली. तिचा दिवा लाटांवर खाली-वर होऊ लागला आणि नर्सबाईंच्या हातातला फोन वाजला. तो मामाचा होता, त्यांनी उजेडासाठी घेतला होता. पडद्यावर 'ताई' असं आलं.

"अहो, कुठे आहात तुम्ही?" नर्सबाई किंचाळल्याच.

"घरी," ताई म्हणाली. फोन जोरात बोलणारा होता. "कपडे घड्या घालतेय. छोट्या पोचला का? जेवलाय का विचारा त्याला."

मागून भावजींचा आवाज आला, की ते जागेच आहेत.

"सापडले! घरी सापडले!" असं कोणीतरी ओरडलं, आणि टाळ्या पडल्या. मग टाळ्या एकेक करून थांबल्या. लोकांना हिशेब लागत गेला तसतशा बॅटऱ्या मामाच्या तोंडावर आल्या, आणि मग तशाच एकेक करून दुसरीकडे वळल्या. माणसं आपापल्या उजेडाकडे परत निघाली. यजमानांनी हात काढून घेतला आणि खिशातला पेपर चाचपला.

नर्सबाई तेवढ्या थांबल्या. "एकटा आहे म्हणाला असतात, तर आम्ही काय चावलो असतो?"

"नाही, सिस्टर," मामा म्हणाला. "चहाच आणला असता. एक कप."

त्या फोन त्याच्या हातात देऊन गेल्या.

पार्कप्रमुखांनी सकाळी घरगाडी टाकीमागे हलवायला लावली आणि लेखी खुलासा मागितला. मामाने तो सुवाच्य अक्षरात लिहून दिला. झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी, बोटीवरच्या मंडळींचे आभार, आणि शेवटचा परिच्छेद असा:

"तरी नम्र विनंती, की सदर शोधमोहीम रद्द झाली असे न समजता तूर्त स्थगित झाली असे समजावे, आणि पुढील वर्षी याच सुमारास, त्याच सर्व व्यक्तींच्या उपस्थितीत, ती पुनश्च हाती घेण्यात यावी. हरवण्यासाठी अर्जदार स्वतः उपलब्ध राहील."